तुमच्या फोनचा पत्ता काय?

एका प्रवेश-अर्जाची शेवटची तारीख होती. आमच्या महाविद्यालयाच्या संगणक-कक्षात नातेपुत्याची आणि आसपासच्या धर्मपुरी, फोंडशिरस, दहिगाव अशा गावांची तीसएक मुले-मुली आपापले अर्ज भरीत बसली होती. पहिल्या दहाबारा जणांचे काम सुरळीत झाले. मग एकाएकी सर्वांच्या पडद्यांवर एकच ओळ उमटली : 'फार विनंत्या आल्या आहेत. थोड्या वेळाने प्रयत्न करा.' वीज होती, इंटरनेट चालू होते, इतर संकेतस्थळे नीट उघडत होती. अडले होते ते नेमके आम्हांला हवे असलेले एकच संकेतस्थळ.

एका मुलीने आपला फोन काढला, त्याचा हॉटस्पॉट सुरू केला आणि संगणक त्याला जोडला. अर्ज उघडला! मग आणखी चारपाच जणींनी त्याच फोनवर आपले अर्ज भरले. थोड्या वेळाने तिथेही तीच ओळ उमटली. तेव्हा त्या मुलीने फोन विमान-मोडवर टाकला, मनातल्या मनात दहा अंक मोजले, पुन्हा पूर्ववत केला, आणि अर्ज परत उघडला.

"सर, हे कसं झालं?" तिने विचारले.

मी उत्तर देणार, तोच शेजारचा एक विद्यार्थी म्हणाला, "सर, याच युक्तीवर पैसे मिळतात म्हणे. एका संगणकाला दहा डोंगल जोडायचे, दर पाच मिनिटांनी त्यांचा पत्ता बदलायचा आणि ते पत्ते बाहेरच्या लोकांना भाड्यानं द्यायचे. जाहिरात पाहिली मी. चुलत्यांची एक खोली रिकामीच आहे. करू का सर?"

विद्यार्थी मित्रांनो, प्रश्न दोन आहेत. पहिला 'कसे?' आणि दुसरा 'करू का?' पहिल्याचे उत्तर नीट समजले तर दुसऱ्याचे उत्तर तुमचे तुम्हांलाच देता येईल. म्हणून आधी पहिल्याकडे वळू या.

पत्त्यांचा दुष्काळ

पत्र पोचायचे तर पत्ता हवा. इंटरनेटवरही तसेच आहे. तुम्ही एखादे पान मागवता तेव्हा तुमची मागणी लहान लहान पुडक्यांच्या रूपाने निघते. प्रत्येक पुडक्यावर दोन पत्ते असतात : कोठे जायचे त्याचा, आणि कोठून निघाले त्याचा. दुसरा पत्ता नसेल तर उत्तर परत येणार कोठे?

या पत्त्याला आय. पी. पत्ता म्हणतात. आज सर्वत्र रूढ असलेली त्याची चौथी आवृत्ती १९८१ साली ठरली. तीत पत्ता ३२ बिटांचा असतो. ओळीने ३२ दिवे मांडले आहेत आणि प्रत्येक दिवा एक तर लागलेला आहे किंवा विझलेला आहे, अशी कल्पना करा. दिव्यांच्या अशा किती वेगवेगळ्या मांडण्या होतील? एका दिव्याच्या दोन, दोन दिव्यांच्या चार, तीन दिव्यांच्या आठ. असे करीत ३२ दिव्यांच्या ४,२९,४९,६७,२९६, म्हणजे सुमारे चार अब्ज एकोणतीस कोटी. तेवढेच पत्ते. त्यांतलेही कित्येक विशेष कामांसाठी राखून ठेवलेले आहेत.

१९८१ साली जगातले संगणक जाळ्यांत जोडलेले होते ते फार थोडे. चार अब्ज ही संख्या तेव्हा न संपणारी वाटली असल्यास नवल नाही. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सुरू केले. त्याच्या पंधराच दिवस आधी, ३१ जुलैला, आपल्या देशातले पहिले मोबाइल संभाषण कोलकाता आणि दिल्ली यांच्या दरम्यान झाले होते. पुढे ही दोन्ही यंत्रे एकाच खिशात आली आणि पत्त्यांची मागणी भडकली. ३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक कोठारातला शेवटचा गठ्ठा वाटला गेला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये आशिया-पॅसिफिक विभागाकडचा साठाही हात आखडून देण्याइतकाच उरला. २०२२ च्या नोव्हेंबरात जगाची लोकसंख्या आठ अब्जांवर गेली, हे ध्यानात घ्या म्हणजे दुष्काळाचे स्वरूप कळेल. माणशी अर्धा पत्तासुद्धा वाट्याला येत नाही.

एक वाडा, अनेक बिऱ्हाडे

यावर तोड निघाली ती आपल्याकडच्या जुन्या वाड्यांसारखी. वाड्याला रस्त्यावरचा घरक्रमांक एकच, आत बिऱ्हाडे वीस. आत 'खोली क्रमांक तीन' म्हटले की सर्वांना कळते. पण 'खोली क्रमांक तीन' एवढ्याच पत्त्यावर बाहेरून पत्र टाकले तर पोस्टमन काय करील? खोली क्रमांक तीन प्रत्येक वाड्यात आहे!

इंटरनेटच्या पत्त्यांतही असे काही गट 'आतल्या वापरासाठी' म्हणून राखले आहेत. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते तुम्ही घरच्या किंवा शाळेच्या वायफायवर पाहिले असतील. १० ने सुरू होणारा गट सर्वांत मोठा. त्यात १,६७,७७,२१६ पत्ते बसतात. हे पत्ते कोणीही आपल्या घरात वापरावेत, पण वेशीबाहेर त्यांना अर्थ नाही.

मग बाहेर कसे जायचे? वाड्याच्या दारात एक कारभारी बसवायचा. खोली तीनमधून पत्र निघाले की कारभारी त्यावरचा 'खोली तीन' हा मजकूर खोडतो, वाड्याचा घरक्रमांक लिहितो, कोपऱ्यात एक खूण-आकडा घालतो आणि वहीत टिपतो : 'खूण ४०७१२, खोली तीन.' उत्तर आले की खुणेवरून वहीत पाहायचे आणि ते त्या खोलीत पोचते करायचे. हा पत्ता-पालट करणारा कारभारी म्हणजे तुमच्या वायफायचा राउटर. खूण-आकड्याला पोर्ट म्हणतात. तो १६ बिटांचा असल्यामुळे ६५,५३६ वेगवेगळ्या खुणा करता येतात.

आता आमच्या संगणक-कक्षाचे कोडे अर्धे सुटले. आत यंत्रे तीस, पण बाहेरून घरक्रमांक एकच. एका पत्त्यावरून थोड्या वेळात अमुक इतक्याच विनंत्या घ्यायच्या, असा नियम कित्येक संकेतस्थळे पाळतात. २०२१ साली कोविनने लसीकरणाच्या जागांची माहिती बाहेरच्या संगणक-कार्यक्रमांना खुली केली, तेव्हा एका पत्त्यावरून पाच मिनिटांत शंभरच विनंत्या असे बंधन घातले होते. एकाच यंत्राने सारी रांग अडवू नये हा त्यामागचा हेतू. आमच्या अर्जाच्या संकेतस्थळाला वाटले, एकच कोणी आगाऊ गृहस्थ तीस वेळा दार वाजवीत आहे! वास्तविक ती तीस गरजू मुले होती.

पालखीबरोबर चालणारा फोन

दुसरे अर्धे कोडे मोबाइलचे. फोनला पत्ता कोण देतो? नातेपुत्याचा मनोरा? नाही. मनोरा फक्त रेडिओ-लहरींनी तुमच्या फोनशी बोलतो. पत्ता देते ते कंपनीचे प्रवेशद्वार-यंत्र, आणि ते बहुधा एखाद्या मोठ्या शहरात असते. म्हणूनच नातेपुत्यात बसून 'माझे ठिकाण कोणते?' असे पत्त्यावरून सांगणाऱ्या संकेतस्थळाला विचारले तर ते पुष्कळदा पुणे किंवा मुंबई सांगते.

हे नीट कळण्यासाठी आषाढीच्या वारीचे उदाहरण घेऊ. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीचा मुक्काम आपल्या गावी असतो आणि दुसऱ्या दिवशी ती माळशिरसकडे निघते. एखादा वारकरी फोन चालू ठेवून चालतो आहे. वाटेत एका मनोऱ्याचे क्षेत्र संपते, दुसऱ्याचे सुरू होते. फोन एकाचा हात सोडून दुसऱ्याचा धरतो. तरी त्याचे बोलणे तुटत नाही आणि पत्ताही बदलत नाही. का? कारण पत्त्याची गाठ शहरातल्या त्या प्रवेशद्वाराशी बांधलेली आहे, मनोऱ्याशी नव्हे. मनोरे बदलतात, गाठ तशीच राहते.

विमान-मोड मात्र ही गाठच सोडतो. फोन जाळ्याला 'येतो' म्हणून सांगतो, प्रवेशद्वार त्याच्या नावावरचा पत्ता मोकळा करून कोठारात टाकते. पुन्हा चालू केला की सारा विधी पहिल्यापासून. जाळे सिमला एक यदृच्छेने निवडलेली संख्या पाठवते. सिम आपल्या पोटातल्या गुप्त संख्येच्या साहाय्याने तिच्यावर गणित करून उत्तर पाठवते. गुप्त संख्या स्वतः कधीच बाहेर पडत नाही. कंपनीकडे त्याच गुप्त संख्येची नोंद असते. तिथे तेच गणित करून पाहतात. उत्तर जुळले की ओळख पटली. मग कोठारात जो पत्ता मोकळा असेल तो फोनच्या हाती येतो.

आणि हा पत्तासुद्धा बहुधा 'आतला'च असतो! कंपनीचे जाळे म्हणजे एक प्रचंड वाडा, आणि त्याच्या दारातला कारभारीही प्रचंड. अशा वाड्यांसाठी २०१२ साली १००.६४ पासून सुरू होणारा एक गट मुद्दाम राखला गेला. त्यात ४१,९४,३०४ पत्ते आहेत. एका बाहेरच्या पत्त्यामागे किती फोन मावतील याचा हिशेब तुम्हीच करा. खुणा ६५,५३६. पहिल्या १,०२४ बाजूला ठेवल्या तर उरल्या ६४,५१२. समजा, प्रत्येक फोनला १,००८ खुणांचा गठ्ठा दिला, तर ६४ फोन. गठ्ठा लहान केला तर फोन आणखी वाढतील. म्हणजे या क्षणी तुमच्या फोनचा जो बाहेरचा पत्ता आहे, त्याच पत्त्यावर एखादा भाजीवाला, एखादी परिचारिका आणि एखादा रिक्षावालाही असू शकेल. तुमची त्यांची ओळख नाही, पण घरक्रमांक एक.

त्या मुलीने विमान-मोड चालू-बंद केला तेव्हा तिला नवा आतला पत्ता मिळाला, आणि कारभाऱ्याने या वेळी तिला दुसऱ्या घरक्रमांकाखाली टाकले. संकेतस्थळाला वाटले, कोणी नवेच माणूस आले. पहिला प्रश्न सुटला.

सहाव्या आवृत्तीचे पत्ते १२८ बिटांचे आहेत. त्यांची संख्या ३४ च्या पुढे ३७ शून्ये इतकी. भारतातले मोबाइल जाळे या नव्या पत्त्यांकडे झपाट्याने वळले आहे, आणि तेथे वाड्याची गरज नाही. पण पुष्कळ संकेतस्थळे अजून जुन्या पत्त्यांवरच आहेत. त्यांच्याकडे जाताना नव्या पत्त्याच्या फोनलाही कारभाऱ्याच्या दारातूनच जावे लागते. म्हणून वाडा अजून मोडलेला नाही.

प्रॉक्सी : हजेरीतला आणि संगणकातला

'प्रॉक्सी' हा शब्द महाविद्यालयात शिकवायला लागत नाही! मित्र गैरहजर असला की त्याच्या नावाला 'हजर' म्हणणे, हा त्याचा तिथला अर्थ. संगणकातला अर्थही त्याला जवळचाच आहे : एकाच्या वतीने दुसऱ्याने बोलणे. बाजार समितीतला अडत्या आठवा. माल शेतकऱ्याचा, पण व्यापाऱ्याशी व्यवहार अडत्याच्या नावाने होतो. प्रॉक्सी-संगणक तसाच. तुमची मागणी तो घेतो, स्वतःच्या पत्त्याने पुढे पाठवतो, आलेले उत्तर तुम्हांला देतो. समोरच्या संकेतस्थळाला दिसतो तो अडत्याचा पत्ता, तुमचा नव्हे.

अडत्या असणे हा गुन्हा नव्हे. कित्येक शाळा-कार्यालये मुलांना नको ती पाने दिसू नयेत म्हणून प्रॉक्सी ठेवतात. एखादी संस्था आपले संकेतस्थळ वेगवेगळ्या कंपन्यांच्या मोबाइलवर नीट उघडते का, हे एका जागी बसून तपासण्यासाठीही मोबाइल-प्रॉक्सी वापरते.

डोंगलांची माळ

आता त्या विद्यार्थ्याची खोली. डोंगल म्हणजे पडदा, ध्वनिवर्धक आणि बॅटरी काढून टाकलेला मोबाइलच. सिम, रेडिओ आणि एक छोटा संगणक एवढेच त्यात उरते. तो यू.एस.बी. खाचेत बसवला की संगणकाला वाटते, आपल्याला आणखी एक जाळे जोडले गेले. दहा डोंगल म्हणजे दहा जाळी, म्हणजेच बाहेर पडायची दहा दारे.

पहिली अडचण पत्त्याचीच. एकाच बनावटीचे डोंगल आतून एकच पत्ता सांगतात, उदाहरणार्थ १९२.१६८.८.१. दहाही वाड्यांचा दरवान एकाच नावाचा! कोणाला हाक मारली हे संगणकाला कळेना. म्हणून प्रत्येकाला वेगळा आतला पत्ता आणि प्रत्येकासाठी 'या मागणीने या दारानेच जावे' असा वेगळा मार्ग-तक्ता द्यावा लागतो. मग प्रॉक्सीचा कार्यक्रम दहा खुणांवर कान देऊन बसतो. पहिल्या खुणेवर आलेली मागणी पहिल्या डोंगलातून, दुसरीवर आलेली दुसऱ्यातून.

पत्ता फिरवायचा कसा? मोडेमला हुकूम देण्याची एक भाषा १९८१ सालच्या हेज कंपनीच्या मोडेमपासून चालत आली आहे. तिचा प्रत्येक हुकूम 'ए-टी' या दोन अक्षरांनी सुरू होतो. अर्थ 'लक्ष द्या'. याच भाषेत 'रेडिओ बंद कर' आणि 'चालू कर' असे दोन हुकूम दिले की विमान-मोडचेच काम होते. संगणकाला घड्याळ लावून दिले की तो दर पाच मिनिटांनी हे करतो. तासाला १२ वेळा, दिवसाला २८८ वेळा, आणि दहा डोंगलांचे मिळून २,८८० वेळा.

दुसरी अडचण आपल्या पदार्थविज्ञानाची आहे, म्हणून तिच्याकडे जरा सावकाश पाहू. यू.एस.बी.च्या जुन्या खाचेतून ५ व्होल्टला जास्तीत जास्त अर्धा अँपिअर प्रवाह मिळतो. दहा डोंगलांनी तेवढा घेतला तर एकूण ५ अँपिअर, म्हणजे २५ वॅट. हे सारे एकाच बारीक तारेतून नेले आणि त्या तारेचा रोध केवळ ०.२ ओहम असला, तर ओहमच्या नियमाने ५ × ०.२ = १ व्होल्ट तारेतच खर्ची पडेल. डोंगलाच्या वाट्याला येतील ४ व्होल्ट, आणि तो मधूनच मान टाकील. शिवाय तारेत ५ × ५ × ०.२ = ५ वॅट उष्णता निर्माण होईल. डोंगलांऐवजी जुने फोन लावले तर संकट आणखी मोठे. रात्रंदिवस चार्जरला लावलेल्या लिथियम बॅटऱ्या तापतात, फुगतात आणि वेळप्रसंगी पेटतात. सोलापूर जिल्ह्याचा उन्हाळा चाळीस अंशांवर जातो. त्यात बंद खोलीत फोनांची रांग लावून निर्धास्त झोपणे बरे नव्हे.

तिसरी अडचण हवेतली. दहा डोंगल म्हणजे दहापट वेग, असे पुष्कळांना वाटते. पण एकाच कंपनीची सिमे असतील तर दहाही डोंगल त्याच मनोऱ्याकडे, त्याच लहरी-पट्ट्यात बोलणार. पट्टा तेवढाच, वाटेकरी वाढले. तोटी एकच आणि घागरी दहा लावल्या तर पाणी वाढत नाही. उलट आळीतल्या इतरांच्या घागरी उशिरा भरतात. आणि ते २,८८० वेळा 'येतो' आणि 'आलो' म्हणणे, दर वेळी ओळख पटवणे, याचाही भार जाळ्यावर पडतो.

मोबाइलच्या पत्त्याला भाव का?

येथे एक विचार करण्यासारखी गोष्ट आहे. पत्ते भाड्याने देणारी मोठी संगणक-केंद्रे जगात आहेतच. मग नातेपुत्याच्या खोलीतल्या डोंगलाला कोणी पैसे का द्यावेत?

कारण वाड्यात बिऱ्हाडे पुष्कळ! संगणक-केंद्राच्या पत्त्यावरून कोणी त्रास दिला तर संकेतस्थळ तो पत्ता सरळ बंद करते; फारसे कोणाचे नुकसान होत नाही. पण मोबाइलचा पत्ता बंद केला तर त्यामागचा भाजीवाला, परिचारिका, रिक्षावाला असे सगळेच बाहेर राहतात. म्हणून संकेतस्थळे मोबाइलच्या पत्त्यांवर हात उगारताना कचरतात. प्रॉक्सीचे भाडे देणारा विकत घेतो ते यंत्र नव्हे, विजेचे पैसे नव्हेत. तो विकत घेतो शेकडो साध्या माणसांवरचा विश्वास. आणि विकणारा जो माल विकतो तो त्याच्या मालकीचा नसतोच. पाणवठा सर्वांचा, त्यात एकाने जनावरे धुतली तर पाणी सर्वांचेच गढूळ होते. 'मी माणूस आहे' अशा खुणा करायला लावणारी ती कोडी तुम्हांला मोबाइलवर वारंवार सोडवावी लागत असतील, तर आपल्याच घरक्रमांकावरचे कोणी पाणी गढूळ केले असण्याचा संभव आहे.

भाडेकरू या पत्त्यांचे काय करतो? कोणी वस्तूंच्या किमती गोळा करतो, कोणी जाहिराती तपासतो. पण कोणी शेकडो खोटी खाती उघडतो, कोणी रेल्वेची तिकिटे खोट्या नावांनी आगाऊ उचलतो, कोणी म्हाताऱ्यांना फसवून त्यांच्या बँक-खात्यात शिरतो. खोट्या नावांची शेकडो खाती काढून तिकिटांचा धंदा करणे हा रेल्वे कायद्याच्या कलम १४३ खाली गुन्हा आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केले. आपल्या डोंगलातून नेमके काय चालले आहे हे खोलीच्या मालकाला दिसत नाही. दिसतो तो फक्त डेटा संपल्याचा आकडा.

काही वेळा तर मालकाला आपण मालक आहोत हेही ठाऊक नसते. मे २०२४ मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागाने '९११ एस-५' नावाचे एक जाळे मोडल्याचे जाहीर केले. फुकट मिळणारे कार्यक्रम लोकांनी आपल्या संगणकांवर घेतले होते. त्यांच्या पोटातून त्यांचे संगणक गुपचूप प्रॉक्सी बनवले गेले. असे एक कोटी नव्वद लाखांहून अधिक पत्ते गुन्हेगारांना भाड्याने दिले जात होते. फुकटाची पोळी खाताना पीठ कोणाचे, हे विचारावे ते यासाठी.

पत्ता बदलला, माणूस बदलला का?

आता शेवटची कडी. पत्ता दर पाच मिनिटांनी बदलतो, म्हणजे माग लागत नाही, असा अनेकांचा समज आहे. तो चूक आहे. पत्ता बदलतो तो संकेतस्थळाच्या दृष्टीने. कंपनीच्या दृष्टीने सिम तेच, यंत्रही तेच. प्रत्येक सिमला १५ अंकांपर्यंतचा स्वतःचा क्रमांक असतो, आणि भारतीय सिमचा तो बहुधा ४०४ किंवा ४०५ ने सुरू होतो. यंत्रालाही स्वतःचा १५ अंकी क्रमांक असतो. कारभाऱ्याच्या वहीत कोणत्या सिमला, कोणत्या वेळी, कोणता पत्ता आणि कोणत्या खुणा दिल्या याची नोंद राहते.

तपास करणाराला त्यासाठी तीन गोष्टी लागतात : पत्ता, खूण आणि अचूक वेळ. यांतली एक जरी चुकली तरी बोट भलत्याकडेच जाते. वाड्याचा घरक्रमांक तेवढा कळला, खोली कळली नाही, तर वीसही बिऱ्हाडे संशयित! युरोपोल या युरोपीय पोलीस संघटनेने २०१७ साली याबद्दल जाहीर चिंता व्यक्त केली होती. निरपराध माणसाच्या दारात पोलीस उभे राहणे ही काही लहान गोष्ट नव्हे.

वेळेचे महत्त्व पाहा. एप्रिल २०२२ मध्ये भारत सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने आदेश काढला, की सेवा देणाऱ्यांनी आपल्या नोंदी १८० दिवस जपाव्यात आणि आपली घड्याळे राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राच्या किंवा दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या घड्याळाशी जुळवून ठेवावीत. सीझियम अणूच्या प्रारणाची ९,१९,२६,३१,७७० आंदोलने म्हणजे एक सेकंद, ही सेकंदाची व्याख्या तुम्ही पाठ केली असेल. ती केवळ परीक्षेपुरती नाही. एखादा निरपराध माणूस सुटतो की अडकतो, हे अशा घड्याळांच्या मेळावर ठरू शकते.

मग माग काढीत तपास कोठे पोचतो? सिम ज्याच्या नावावर आहे त्याच्यापाशी. भाडेकरू परदेशात, खोली नातेपुत्यात, आणि सिमे आई, चुलते, आत्या यांच्या आधारकार्डांवर काढलेली! एका व्यक्तीच्या नावावर आपल्याकडे जास्तीत जास्त नऊ सिमे असू शकतात. दूरसंचार अधिनियम, २०२३ प्रमाणे ही मर्यादा ओलांडली तर पहिल्या वेळी पन्नास हजार आणि पुढे दोन लाख रुपयांपर्यंत दंड आहे. संगणकाच्या साहाय्याने तोतयेगिरी करून फसवणे हा माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६६-ड खाली तीन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. आणि स्वतःसाठी घेतलेली जोडणी दुसऱ्यांना विकणे हे मोबाइल कंपन्यांच्या अटींत सहसा बसत नाही.

करून पाहा

हा प्रयोग घरी किंवा शाळेत करता येईल. खर्च काही नाही.

१. वायफाय बंद करून मोबाइल डेटा चालू ठेवा. फोनच्या सेटिंगमध्ये 'फोनविषयी' या भागात आय. पी. पत्ता पाहा. हा आतला. १० किंवा १००.६४ च्या आसपास सुरू होणारा दिसतो का?

२. 'माझा पत्ता कोणता' असे सांगणारे एखादे संकेतस्थळ उघडा. तेथे दिसेल तो बाहेरचा. दोन्ही वहीत लिहा.

३. विमान-मोड चालू करून दहा सेकंदांनी बंद करा. पुन्हा दोन्ही पत्ते टिपा. असे दहा वेळा करा. आतला किती वेळा बदलला? बाहेरचा किती वेळा? बाहेरचा पूर्वीचाच एखादा पुन्हा आला का?

४. एस. टी.ने नातेपुत्याहून माळशिरस किंवा अकलूजला जाताना, विमान-मोडला हात न लावता, वाटेत तीनचार वेळा पत्ते पाहा. मनोरे बदलले, पत्ता बदलला का?

पाच मित्रांनी वेगवेगळ्या कंपन्यांची सिमे घेऊन हे केले तर एक सुरेख तक्ता तयार होईल. विज्ञान-प्रदर्शनात मांडायला काही हरकत नाही. मात्र स्वतःचे बाहेरचे पत्ते पूर्ण छापू नका. शेवटचा भाग झाकून ठेवा. का ते आता सांगायला नकोच.

शिक्षकांसाठी एक सूचना. शाळेत एकाच जोडणीवर अनेक मुलांचे अर्ज भरायचे असतील तर सगळे एकदम बसवू नका. पाच-पाचांचे गट करा आणि शेवटच्या तारखेची वाट पाहू नका. तरीही अडलेच तर एखाददुसऱ्या फोनचा हॉटस्पॉट वापरणे यात काही गैर नाही. स्वतःचा अर्ज स्वतःच्या नावाने भरणाऱ्या मुलीने दुसऱ्या दाराने जाणे वेगळे, आणि एकाच माणसाने शंभर मुखवटे घालून रांगेत शंभर जागा अडवणे वेगळे.

त्या विद्यार्थ्याला मी 'करू नकोस' असे म्हटले नाही. त्याला एवढेच सांगितले, "एकच डोंगल आण, तुझ्याच नावावरच्या सिमचा. त्याला ए-टी भाषेत हुकूम देऊन पाहा, मार्ग-तक्ता स्वतः लिही, पत्ते किती वेळा बदलतात ते मोज. आणि ज्या दिवशी एखादा अनोळखी माणूस म्हणेल की तुझं दार मला भाड्यानं दे, त्या दिवशी त्याला विचार : तुझं स्वतःचं दार का चालत नाही?"

त्याने डोंगल आणला. दोन आठवड्यांनी तो वही घेऊन आला तेव्हा तीत दोनशेवर नोंदी होत्या. खोली अजून रिकामीच आहे. तिथे आता चुलत्यांची ज्वारीची पोती असतात.